तक्रार: शाम्पूच्या बाटलीवरचा ‘समुद्रातून काढलेलं प्लास्टिक’ हा दावा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी, शाम्पू कंपनी

वेसावे, मुंबई
२५ ऑगस्ट २०२५

महोदय,

मी वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात राहते. आमची डोल जाळं लावायची होडी आहे. वडील आणि भाऊ समुद्रावर जातात, आई आणि मी म्हावरं निवडतो, विकतो. जूनमध्ये वर्सोवा मेट्रो स्टेशनबाहेर तुमच्या नव्या शाम्पूचं होर्डिंग लागलं: वाळूवर कासवाचं पिल्लू, मागे आमचा किनारा आणि वर ओळ, ‘ही बाटली समुद्रातून काढलेल्या प्लास्टिकची’. तुमचा नेहमीचा शाम्पू २८५ रुपयांना मिळतो, हा ३४९ ला. वरचे ६४ रुपये मी आनंदाने दिले. आमच्या समुद्रासाठी कुणीतरी काही करतंय, असं वाटलं.

घरी येऊन बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचला. बाटलीत २५ टक्के ‘ओशन-बाउंड’ प्लास्टिक, झाकण आणि लेबल सोडून. हा शब्द सहसा किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत जमिनीवर उचललेल्या कचऱ्यासाठी वापरतात. म्हणजे बदलापूरच्या नाक्यावर वेचलेली बाटलीही त्यात बसते. तो कचरा उचलणंही चांगलंच काम आहे, पण तो समुद्रातून काढलेला नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर तीच जाहिरात पुन्हा सुरू झाली. किती किलो, कुठून, कुणी गोळा केलं, एक आकडा नाही. ग्राहक सेवेला दोनदा मेल केला. दोन्ही वेळा ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढंच उत्तर आलं.

समुद्रातून प्लास्टिक कोण काढतं ते सांगते. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपली. पावसाने नाल्यांतलं सगळं मालाड खाडीत आणलेलं असतं आणि खाडी आमच्या दारात समुद्राला मिळते. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून लावलेलं असतं, त्यामुळे पाण्याबरोबर जे वाहत येतं ते आत शिरतं. पहिल्या आठवड्यात एका सकाळी एका टोपलीतले बोंबील आणि जवळा निवडताना मी प्लास्टिकच्या ४३ रिकाम्या पुड्या बाजूला काढल्या. त्यातल्या ११ तुमच्या दोन रुपयांच्या शाम्पूच्या. जवळ्यात चिकटलेली पुडी नखाने सोडवावी लागते, एखादी राहिली की गिऱ्हाईक पाटी परत करतं. या पुडीत प्लास्टिकचे आणि चंदेरी धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून भंगारवाला ती घेत नाही आणि कचरा वेचणाऱ्या बायकाही उचलत नाहीत. बाटलीला निदान भाव मिळतो. होर्डिंगवर मात्र फक्त बाटली आहे.

आणि ते कासव. २०१५ साली वकील अफरोज शाह यांनी इथल्या किनाऱ्याची साफसफाई सुरू केली, माणसं दर आठवड्याला चिखलात उतरली. २०१८ च्या मार्चमध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली तेव्हा अख्खं वेसावे बघायला लोटलं होतं, मीही होते. त्या पिल्लाचं चित्र लावून शाम्पू विकलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा पूर्ण वस्तूचा आहे की फक्त वेष्टनाचा किंवा एखाद्या भागाचा, हे स्पष्ट सांगावं लागतं आणि त्याला तपासता येईल असा पुरावा लागतो. तुमच्या होर्डिंगवर यातलं काहीच नाही.

माझी मागणी अशी आहे. होर्डिंगवरची आणि बाटलीवरची ओळ बदला, २५ टक्के जमिनीवरचं असेल तर तसंच ठळक छापा. प्लास्टिक कुठून किती गोळा केलं याचा हिशेब क्यूआर कोडवर द्या. माझे ६४ रुपये परत करा. आणि पुड्या परत घेण्याची सोय वेसाव्यापासून सुरू करा. निवडायला आम्ही बसतोच, त्या घेऊन जाणारं कुणीतरी हवं.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बिल, बाटलीचे आणि होर्डिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. त्या ११ पुड्या धुऊन वाळवून घरी ठेवल्या आहेत, मागाल तेव्हा दाखवीन.

आपली,
एक ग्राहक
वेसावे कोळीवाडा