तारीख ठरवणाऱ्याचीही सही हवी

संपादक महोदय,

एखादी मोठी ऑनलाइन यंत्रणा कोलमडली की पहिला सवाल येतो, ‘टेस्टिंग केलं नव्हतं का?’ टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे सांगतो, बहुतेक वेळा केलेलं असतं. बगची, म्हणजे सापडलेल्या दोषांची, यादीही वरपर्यंत पोहोचलेली असते. पण ‘गो-लाइव्ह’ची, म्हणजे यंत्रणा प्रत्यक्ष सुरू करण्याची, तारीख आधीच जाहीर झालेली असते आणि ती पुढे ढकलणं टेस्टरच्या हातात नसतं.

मुंबई विद्यापीठाचा 2017 चा निकाल-घोळ आठवावा. जवळपास सगळ्या शाखांच्या, सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात स्क्रीनवर तपासायला घेतल्या. स्कॅनिंग, प्राध्यापकांचे लॉगिन, सर्व्हरवरचा भार या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती ऐन निकालाच्या वेळी. राज्यपालांनी घालून दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, काही निकाल सप्टेंबर उजाडला तरी लागले नव्हते, ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना हटवलं गेलं. पुरवण्या कशा जोडतात, एका वेळी किती परीक्षक लॉगिन करतात, हे विद्यापीठाइतकं कुठल्या कंत्राटदाराला ठाऊक असणार? कंत्राटदार करारात लिहिलंय तेवढंच तपासतो. वापरून पाहून स्वीकारण्याची चाचणी, जिला आम्ही ‘यूएटी’ म्हणतो, ती यंत्रणा विकत घेणाऱ्याचीच जबाबदारी. (मी पाहिलेल्या कित्येक यूएटी चार स्क्रीन आणि एक चहा एवढ्यात उरकल्या आहेत.)

उलट, 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. ती फाइल ग्राहकांकडे थेट उतरली, त्यांना तपासायला वावच नव्हता. कंपनीचा तपासणी करणारा प्रोग्रामच चुकला होता. तिथे बोट कंपनीकडेच जातं.

मेट्रोचा नवा टप्पा मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवाशांना खुला होत नाही, उद्घाटनाची कितीही घाई असो. शिवाय हे आयुक्त मेट्रो कंपनीचे नोकर नसतात. लाखो विद्यार्थ्यांच्या निकालाच्या सॉफ्टवेअरला असा अडवणारा कोणी का नसावा? निदान यूएटीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि त्या दिवशी शिल्लक असलेल्या बगची यादी, दोन्ही गो-लाइव्हपूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावीत.

— एक सॉफ्टवेअर टेस्टर, ठाणे