नुसतं 'इथिओपियाचं वर्चस्व' नको, नावं छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग ठरलेलं, इथिओपियाच्या धावपटूंचं वर्चस्व! फोटो मात्र हिरो-हिरोइनींचे आणि जिंकणाऱ्याचं नाव कुठेतरी खाली एका ओळीत. दरवर्षी वाचून वाईट वाटतं म्हणून आज लिहितोच.

देरार्तू तुलूचं नाव आपल्याकडे किती जणांना माहितीये? इथिओपियाची धावपटू, तिथल्या बेकोजी या डोंगराळ भागातल्या गावची पोरगी. १९९२ ला बार्सिलोनात १० हजार मीटरला गोल्ड जिंकली तेव्हा वय फक्त २०, आणि ऑलिंपिक गोल्ड मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन बाई. त्या रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेची गोरी एलाना मेयर बराच वेळ पुढे होती आणि ही तिच्या पाठीला चिकटून, आणि शेवटच्या फेरीची घंटा व्हायच्या जरा आधी जी सुटली ती सुटलीच. वर्णभेदामुळे बाहेर ठेवलेला दक्षिण आफ्रिका ३२ वर्षांनी ऑलिंपिकला आला होता, आणि रेस संपल्यावर या दोघींनी हातात हात घालून मैदानाला फेरी मारली. मला तर ती फेरी मेडलपेक्षा जास्त लक्षात राहिली.

पुढे अटलांटात चौथी आली, मग १९९८ मध्ये मुलगी झाली, आणि २००० ला सिडनीत १० हजार मीटरलाच परत गोल्ड, ३० मिनिटं १७.४९ सेकंद, तेव्हाचा ऑलिंपिक रेकॉर्ड! आई झाल्यावर, आठ वर्षांच्या गॅपने! अथेन्सला ब्राँझ. अधेमधे क्रॉस कंट्रीचं जागतिक विजेतेपद तीनदा, २००१ ला लंडन मॅरेथॉन, हे तर वेगळंच. आणि २००९ मध्ये, ३७ व्या वर्षी, न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. तिथे ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ दुखण्यामुळे मागे पडायला लागली तर ही चालू रेसमध्ये तिला चल चल करत होती, जिच्याशी स्पर्धा तिलाच! असं कोण करतं सांगा.

म्हणून विनंती एवढीच, मुंबईत जे धावायला येतात त्यांची पूर्ण नावं छापा, कोण कुठल्या गावचं, आधी कुठे कुठे धावलंय ते मॅरेथॉनच्या आदल्या आठवड्यात अर्ध्या पानात तरी द्या. लिहायला माणूस नसेल तर माहिती मी जमवून पाठवतो, मानधन नको.

आपला,
एक जुना वाचक, दादर