हिंज, जॉबशीट आणि तुझं फेविक्विक

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "लेकीच्या लॅपटॉपचा हिंज करकर करतोय, फेविक्विक मारून टाकतो." मी रस्त्यावर होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. आधी एकच सांगतो, ती ट्यूब परत ड्रॉवरमध्ये ठेव. ते पातळ द्रव हिंजच्या, म्हणजे बिजागरीच्या फटीत उतरलं की ती आणखी जाम होते. शिवाय वॉरंटीवाल्याला आयतं कारण मिळतं : ग्राहकाने छेडछाड केली.

माझ्याकडेही हेच झालं होतं. झाकण उघडताना उजवीकडे कट्‌ असा आवाज आला आणि स्क्रीनच्या खालची पट्टी नखभर उचकटली. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने मशीन हातात घेतलं, एकदा फिरवून बघितलं आणि न उघडताच जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर लिहिलं, 'फिजिकल डॅमेज'. खर्च साडेनऊ हजार! मी सही करायला नकार दिला. पडल्याची खूण कुठे आहे दाखव म्हटलं. कोपरे शाबूत, चरा नाही, स्क्रीन ठणठणीत. मग माझ्यासमोर उघडायला लावलं.

आत काय होतं ऐक. लोखंडी हिंज सरळसोट, कुठे वाकलेला नाही. स्क्रूही जागेवर, पितळेच्या छोट्या नटात घट्ट बसलेले. फक्त तो नट ज्या प्लास्टिकच्या खुंटीत रोवलेला असतो, ती खुंटी मुळापासून उपटून आली होती. म्हणजे हिंज तुटलाच नव्हता. तो घट्ट होत गेला, दर वेळी उघडताना सगळा जोर त्या बोटभरही नसलेल्या प्लास्टिकवर आला आणि शेवटी त्याने मान टाकली. मी तिथेच फोटो काढले. पोरगं बिचारं वरून आलेल्या हुकमाचं धनी, त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता.

कंपनीला मेल टाकला : हे अपघाती नुकसान आहे असं तुम्ही कशावरून म्हणता, ते लेखी कळवा. कारण काही आलं नाही, आली ती पन्नास टक्के सूट, 'गुडविल' म्हणून. सूट घेणं म्हणजे दोष आपला हे निम्मं कबूल करणं. नाही घेतली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती निवाडा देत नाही, फक्त तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण त्यानंतर कंपनीकडून फोन करणाऱ्याचा सूर एकदम बदलला आणि पार्ट फुकटात बदलून मिळाला. नवा पार्टही त्याच प्लास्टिकचा, हे वेगळं सांगायला नको. हिंज जरा सैल करून दे म्हणून मीच मागे लागलो.

तिथे जमलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची. आणि दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून तुटलेला तुकडा फेकू नकोस.

तुझं काम त्या मानाने सोपं आहे, अजून नुसती करकर आहे. झाकणाची उघडझाप बंद करा. उघडायचंच तर मधोमध धरून, कोपऱ्याला नाही. देण्याआधी चारही बाजूंचे फोटो, आवाजाचा व्हिडिओ आणि डेटाचा बॅकअप. जॉबशीटवर 'हिंज घट्ट, बाहेरून कोणतीही खूण नाही' एवढं लिहून घेतल्याशिवाय मशीन सोडू नकोस. हे झालं की अर्धी लढाई तिथेच संपते, असं माझं पक्कं मत आहे.

एक शंका मात्र मला छळते आहे. जीएसटीचा परतावा मिळेल म्हणून बिल तुझ्या दुकानाच्या नावावर तर घेतलं नाहीस ना? तुझा स्वभाव माहीत आहे मला! तसं असेल तर वॉरंटी चालेल, पण आयोगापुढे समोरचा वकील 'ही खरेदी व्यापारासाठी, हा ग्राहकच नाही' म्हणून उभा राहील. बिल शोध आणि फोटो पाठव, कंपनीला जायचा मेल मी लिहून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या