धडधड दिसली, पण टक्के किती?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे फिरवून केलेल्या मूलपेशींपासून) हृदयपेशी घडवण्याविषयी आपल्या विज्ञान पुरवणीतला लेख वाचला. ‘दोन औषधे घातली की पेशी धडधडू लागतात’ हे खोटे नाही. पण या कृतीत खरी मेख वेळेची आणि पेशींच्या दाटीची असते, आणि नेमके तेच लेखात राहिले.

पहिले औषध सीएचआयआर-९९०२१, बोलताना नुसते ‘चिर’. ते जीएसके-३ हे विकर अडवते, विंट हा पेशींमधला संदेश चालू होतो आणि पेशी मध्यस्तराकडे, म्हणजे ज्यातून हृदय बनते त्या भ्रूणस्तराकडे, वळतात. २४ तासांनी ते काढायचेच. तिसऱ्या दिवशी दुसरे औषध आयडब्ल्यूपी-२, ५ मायक्रोमोलर (हे तीव्रतेचे एकक), ४८ तास. आता तोच विंट बंद करायचा. त्या दिवशी निम्मे जुने माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) ठेवून निम्मे ताजे घालतात, म्हणजे ताज्यात औषध दुप्पट, १० मायक्रोमोलर हवे. हा साधा हिशेब हमखास चुकतो. सातव्या दिवसापर्यंत माध्यमातले बी-२७ हे पूरक मिश्रण बिनइन्सुलिनचे. सुरुवातीला इन्सुलिन असेल तर हृदयपेशी कमी बनतात.

चिरची मात्रा मात्र दुसऱ्याच्या कृतीतून उचलू नये. ती ६ ते १२ मायक्रोमोलरच्या दरम्यान, पण प्रत्येक सेल लाइनची (एकाच मुळातून वाढवलेल्या पेशींच्या वाणाची) निराळी. थर विरळ असेल तर पेशी मरून पापुद्र्यासारख्या सुटतात. फार दाट असेल तर तीच मात्रा अपुरी पडते. १२ खणांच्या एकाच प्लेटमध्ये तीन दाट्या आणि चार मात्रा बसतात; नवी लाइन आली की आधी ते करावे. चिर काढताना मेलेल्या पेशींचा गाळ तरंगतो, तो पाहून नवखे लोक प्लेट फेकून देतात. खाली थर चिकटलेला असेल तर थांबावे.

आठव्या ते बाराव्या दिवसांत धडधड दिसते. पण निम्म्याच पेशी हृदयाच्या असल्या तरी बाकीच्या ओढल्या जाऊन सगळा थर हलतो. टक्केवारी ठरते ती ट्रोपोनिन-टी हे हृदयस्नायूतले प्रथिन रंगवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, मोजल्यावरच. कमी भरली तर ग्लुकोज काढून लॅक्टेटवर काही दिवस ठेवतात. हृदयपेशी त्यावर तगतात, इतर बहुतेक मरतात. उरलेल्या मूलपेशीही त्यातच जातात, हे महत्त्वाचे, कारण शरीरात गेल्या तर त्यांची गाठ होऊ शकते.

तेव्हा ‘यशस्वी’ छापताना टक्के किती, कशाने मोजले आणि कितव्या दिवशी, हेही छापावे. शिवाय प्रौढ माणसाच्या जवनिकेतली पेशी थाळीत एकटी ठेवली तर आपणहून धडधडत नाही. या पेशी धडधडतात त्या कोवळ्या आहेत म्हणून.

आपला,
एक वाचक, पुणे