बाबा, माग विकू नका

मोनास्तीर, ट्युनिशिया
रविवार, रात्र

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता सांगितलंत की अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराला दोन माग हवे आहेत, भाव ठीक देतोय, दिवाळीच्या आत व्यवहार होऊन जाईल. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा खोलीत दुसऱ्या मुली होत्या, मला बोलता येईना. त्यानंतर दोन रात्री धड झोप नाही. फोनवर तुम्ही मला पुढं बोलूच देत नाही, "तू खेळाकडं बघ" म्हणता आणि विषय संपवता. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. आईला चष्मा शोधायला लावू नका, तुम्हीच मोठ्यानं वाचा.

माग विकू नका. त्या माणसाला उद्याच नाही म्हणून कळवा.

का, ते सांगायचं तर मला बऱ्याच गोष्टी सांगाव्या लागतील. त्यातल्या काही मी तुमच्यापासून लपवल्या आहेत.

आई, आधी तुझ्यासाठी आनंदाची गोष्ट. मंगळवारी मी पहिल्या फेरीचा सामना जिंकला, 4-6, 6-3, 7-5. पावणेतीन तास चालला. त्याच्या आधी पात्रता फेरीतले सामने जिंकून आले होते, म्हणून पाय भरून आले होते, पण जिंकले. गुरुवारी दुसऱ्या फेरीत हरले. तिची सर्व्हिस कुठं पडणार ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. पण त्या मंगळवारच्या विजयानं माझा 3रा गुण झाला. बायकांच्या टेनिसच्या जागतिक क्रमवारीचा नियम असा आहे की 3 वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळाले किंवा सगळे मिळून 10 गुण झाले, तरच यादीत नाव येतं. मार्चमध्ये एक, इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक, आणि आता हा. या सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी यादीत तुमच्या मुलीचं नाव असेल, आडनावासकट. आकडा हजाराच्या पलीकडचा असेल, पण नाव असेल.

कोपऱ्यावरच्या काकू "टीव्हीवर कधी दिसणार" असं विचारतात ना, त्यांना हे सांगायला अवघड जातं, मला माहीत आहे. विम्बल्डन टीव्हीवर दिसतं. मी खेळते त्या स्पर्धेला डब्ल्यू 15 म्हणतात, म्हणजे सगळ्या मुलींची बक्षिसं मिळून 15,000 डॉलर. ही बायकांच्या आंतरराष्ट्रीय टेनिसची सगळ्यात खालची पायरी. वर 35, 50, 75, 100 अशा पायऱ्या आहेत, त्याच्याही वर मोठ्या स्पर्धा. इथं पात्रता फेरीत कोर्टावर पंचसुद्धा बसलेला नसतो, दोन-तीन कोर्टं मिळून एक पंच फिरत असतो आणि चेंडू आत की बाहेर ते आपलं आपणच पुकारायचं. चेंडू आपणच गोळा करायचे. पहिल्या फेरीत हरलं तर 147 डॉलर, दुसऱ्या फेरीत हरलं तर 294. म्हणजे या आठवड्यात मी साधारण 25,000 रुपये मिळवले. हॉटेल आणि जेवण यातच त्याहून जास्त गेले, विमानाचं तिकीट वेगळं. मुख्य फेरीत 32 जणी असतात. त्यातली जी जिंकते तिच्याच हातात आठवड्याचा खर्च जाऊन काही उरतं.

मिळालेला गुणही 52 आठवडेच टिकतो. मार्चचा गुण पुढच्या मार्चमध्ये गळून पडेल, त्याच्या आत मला नवे मिळवायला हवेत. म्हणून मी दिवाळीला येत नाहीये. आई, हे वाचून रडू नकोस.

आता लपवलेली गोष्ट. मे आणि जूनमध्ये मी "पुण्यातच आहे, जरा विश्रांती घेतेय" असं सांगत होते. ती विश्रांती नव्हती. डाव्या मनगटात, करंगळीच्या बाजूला, बॅकहँड मारताना कळ यायची. दोन्ही हातांनी बॅकहँड मारते ना मी, त्यात डावा हातच जास्त राबतो. डॉक्टरांनी 6 आठवडे रॅकेट धरायचीच नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्यात येऊन उभे राहिला असता. एक दिवस कारखाना बंद ठेवून. म्हणून नाही सांगितलं. आता मनगट बरं आहे, सामन्याआधी पट्टी बांधते, एवढंच.

पण ते का दुखलं, ते तुम्हालाच सगळ्यात चांगलं कळेल. मी पैसे वाचवत होते. आमच्या रॅकेटची तार पॉलिएस्टरची असते. ती तुटेपर्यंत वापरायची नसते. तिच्यातला जीव आधीच गेलेला असतो, ताण उतरलेला असतो, आणि मग चेंडूचा सगळा धक्का तार घेत नाही, हात घेतो. पुण्यात एका रॅकेटच्या गटिंगला, म्हणजे नवी तार ओढून बसवायला, सात-आठशे रुपयांच्या खाली कुणी हात लावत नाही. मी दर आठवड्याला करायचं ते महिन्यानं करायला लागले. तार तुटत नव्हती, म्हणून मला वाटलं चालतंय. तुम्ही कांडीवाल्या मावशींना नेहमी म्हणायचात, सूत तुटलं तर दिसतं, सैल पडलं तर कापड झाल्यावरच कळतं. मला ते मनगट गेल्यावर कळलं.

मी आठ वर्षांची असताना कुमठा नाक्याच्या कोर्टावर पहिल्यांदा माझ्या रॅकेटची तार तुटली, ते आठवतं? तुम्ही त्या गटिंग करणाऱ्या काकांच्या शेजारी तासभर उभे होता. 16 तारा उभ्या, 19 आडव्या. उभ्या आधी ओढून घ्यायच्या, मग आडवी तार एक वरून, एक खालून. तुम्ही म्हणालात, हा तर ताणा-बाणा आहे. काकांनी आडव्या तारा दोन पाऊंड कमी ताणानं ओढल्या, तेव्हा तुम्हाला त्यांना कारण विचारावं लागलं नाही. उलट तुम्हीच त्यांना सांगितलंत की टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, उभ्या सुताचे रूळ, एक ताठ ओढलेला आणि एक सैल सोडलेला, आणि त्या सैल बीमच्या सुतानंच टॉवेलवर फुलं उभी राहतात. काका बघतच राहिले होते.

मग वर्षभरानं तुम्ही ते जुनं मशीन घेऊन आलात, आडव्या दांड्यावर लोखंडी वजन सरकवायचं. दांडा जमिनीला समांतर झाला की पाहिजे तेवढा ताण बसला. तुम्हाला ते शिकवावं लागलं नाही, आपल्या जुन्या मागांच्या बीमलाही वजनंच टांगलेली असायची. रात्री कारखाना बंद करून आलात की जेवायच्या आधी माझी रॅकेट. आई, तू ताट वाढून बसायचीस आणि बाबा म्हणायचे, "चार तारा राहिल्यात." मी सोळाची होईपर्यंत माझ्या रॅकेटला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. पुण्याला आल्यावर मात्र ते मशीन सोलापुरातच राहिलं. आणि मला पुण्यात पाठवायला सहातले दोन माग गेले.

बाबा, तेव्हा मी काही बोलले नाही. सोळा वर्षांची होते आणि मला खेळायचंच होतं. माग गेले त्या दिवशी मी शाळेतून येताना कारखान्यावरून आले होते. चार मागांचा आवाज सहा मागांपेक्षा वेगळा येतो. तुम्हाला वाटत असेल मला कळलं नाही. मला गल्लीच्या तोंडाशीच कळलं होतं.

आता राहिलेल्या चारातले दोन गेले तर दोन मागांवर तुमचं काय चालणार? माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा पगार निघणार नाही. पन्नाशी ओलांडल्यावर तुम्ही दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणार का? आणि ते पैसे मला किती दिवस पुरतील, तेही मी हिशेब करून बघितलंय. परदेशातल्या बारा-तेरा आठवड्यांत संपतील. बारा आठवड्यांत या खेळात काही ठरत नाही.

तुम्ही मला 2017 मध्ये सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला नेलं होतं, सीसीआयच्या, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, कोर्टवर मुंबई ओपन बघायला. मी बारा वर्षांची होते. तिथं ती उंच मुलगी खेळत होती, बेलारूसची, आर्यना सबालेंका, तेव्हा 19 वर्षांची. तुम्ही म्हणालात, "हिचा चेंडू बघू नको, आवाज ऐक." ती ती स्पर्धा जिंकली. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी जगात पहिली झाली. तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगता, आणि मला माहीत आहे की सांगताना तुमच्या मनात माझं नाव असतं. पण बाबा, मी आज वीस वर्षांची आहे आणि ती एकोणीसची असताना जिथं होती त्याच्या जवळपासही मी नाही. हे मी निराश होऊन लिहीत नाहीये. मला दुसरं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती 27 वर्षांची होती. आपल्यासारखीच पुण्या-मुंबईबाहेरच्या गावातून निघून इतकी वर्षं ती याच छोट्या-छोट्या स्पर्धा खेळत राहिली. आई, आत्यानं पुन्हा स्थळाचा विषय काढला तर तिला एवढं सांग, की मला सत्ताविसापर्यंत वेळ हवा आहे. नंतर बघू असं नाही, तोपर्यंत विषयच काढायचा नाही.

तर आता पैशांचं. फोन केला होतात तेव्हा खोलीत दुसऱ्या मुली होत्या म्हटलं ना, त्या माझ्याकडे गटिंगला आल्या होत्या. बरं झालेलं मनगट घेऊन मी ऑगस्टमध्ये एक छोटं, बॅगेत मावणारं मशीन घेतलं, साठवलेल्या बक्षिसाच्या पैशांतून. तुम्ही शिकवलेलंच सगळं आहे. गाठ कुठं मारायची, तार कशी घासू द्यायची नाही, आडवी तार ओढताना बोटानं सरळ करत जायचं. इथल्या दुकानापेक्षा मी निम्मे पैसे घेते आणि रॅकेट सकाळी सातच्या आत देते. संध्याकाळी चार, कधी पाच रॅकेट होतात. माझ्या खोलीतली कझाक मुलगी तर म्हणते, तुझ्या हातची तार दोन दिवस जास्त टिकते. तिला मी तुझी शेंगाचटणीही खायला दिली, आई. आम्ही दोघी ती इथल्या लांब पावाला लावून खातो. संपत आली आहे.

या चार आठवड्यांत माझं जेवण गटिंगमधून निघालं. माझ्या स्वतःच्या तारेचा खर्चही. परत आल्यावर पुण्यात सकाळी लहान मुलांना शिकवायचं काम मला मिळतंय, महिन्याचं ठरलेलं. वर्षात परदेशात आठच आठवडे खेळायचं आणि बाकी देशातल्या स्पर्धा, असं मी आणि सरांनी ठरवलंय. दुहेरीही खेळणार आहे, म्हणजे प्रवास तोच आणि बक्षीस दोनदा. आणि कुमठा नाक्यावर पुन्हा बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा लागली, तर क्रमवारीत नाव असलेली खेळाडू म्हणून अर्ज भरता येईल. मी तिथं बॉल गर्ल म्हणून उन्हात उभी राहिले आहे, आई, तू पाण्याची बाटली घेऊन जाळीबाहेर बसायचीस. मला त्याच कोर्टावर खेळायचं आहे, तू आत खुर्चीवर बसलेली हवीस.

बाबा, तुमच्याकडून मला पैसे नकोत, दोनच गोष्टी हव्यात. एक, आपल्या जुन्या मशीनबरोबरचा तो पितळी टोच्या, लाकडी मुठीचा. इथं मिळतो तो प्लॅस्टिकच्या मुठीचा, हातात घामानं फिरतो. दुसरं म्हणजे टॉवेल. मी नेलेले दोन्ही विरले. त्या सैल बीमचे, जाड फुलांचे, पांढरेच द्या.

उद्यापासून नवी स्पर्धा. पात्रता फेरीचा सामना सकाळी अकराला आहे, सोलापुरात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. आई, तू मोबाईलवर नुसते आकडे बघत बसतेस आणि आकडा बराच वेळ हलला नाही की घाबरून बाबांना कारखान्यात फोन करतेस, हे मला दादानं सांगितलं. आकडा थांबतो तेव्हा मला काही झालेलं नसतं. मागच्या कुंपणाला टॉवेल टांगलेला असतो, तिथं मी तोंड पुसत असते.

तुमची,
छकुली