बॉस्टनहून बाबांना: तुमच्या स्पिनच्या बरोब्बर उलटा बॉल

ती. बाबा,
सा. न.

त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात बेसबॉल म्हणजे नुसती धोपटाधोपटी, बोलर बिचारा ताकद लावून फेकतो एवढंच, आणि मग लाईन गेली (गेली की तुम्ही ठेवलात?), म्हणून लिहूनच पाठवतोय. रविवारी ऑफिसच्या मित्राबरोबर फेनवे पार्कला, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या मैदानावर, मॅच बघायला गेलो होतो. पुढच्या रांगेत एक आजोबा 49 नंबरची जर्सी घालून बसले होते, मित्राला विचारलं तर म्हणाला वेकफिल्ड, आणि मग मॅच राहिली बाजूला, तो त्याच्याच गोष्टी सांगत बसला.

टिम वेकफिल्ड, बॉस्टनच्या टीमचा जुना बोलर. 1988 ला पिट्सबर्गच्या टीमने घेतला तो बॅटिंगसाठी, पण बॅटच चालेना. आता गंमत बघा, लहानपणी संध्याकाळी अंगणात कॅच खेळताना हा आत जायलाच तयार नसायचा, तर दमवायला म्हणून वडील त्याला नकलबॉल (म्हणजे न फिरता येणारा बॉल) टाकायचे, तोच बॉल पुढे त्याचं पोट भरणार होता! (तुम्ही मला दमवायला गुगली टाकायचात, त्यातून काही निघालं नाही ते सोडा.)

तुम्ही सगळा जन्म बॉल फिरवण्यात घातलात ना, हा माणूस बॉल फिरूच द्यायचा नाही. बोटांची टोकं आणि नखं रुतवून धरायचा आणि नुसता ढकलायचा. बाकीचे दीडशेच्या स्पीडने टाकतात, याचा जेमतेम एकशेपाचचा. पण बॉल फिरत नाही म्हटल्यावर शिलाईवर हवा कशी अडेल याचा नेम नाही, त्यामुळे तो डुलत येतो, कुठे जायचंय ते बॉललाच माहीत नसतं तर बॅटरला काय कळणार. कॅचरलासुद्धा (आपला विकेटकीपर समजा) मोठा ग्लोव्ह लागतो. 2006 ला त्याचा नेहमीचा कॅचर मिराबेली दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता, नव्याच्या हातातून बॉल सुटायला लागले तेव्हा जुन्याला परत बोलावला, एअरपोर्टवरून पोलीस एस्कॉर्टमध्ये, कपडे गाडीतच बदलले! आपल्याकडे मंत्र्यांना असतं तसं.

सगळं गोड नव्हतं. 1992 ला आल्या आल्या गाजला, पुढच्या वर्षी गंडला, 1995 ला पिट्सबर्गने काढूनच टाकला. आठवड्याभरात बॉस्टनने घेतला आणि मग 17 सीझन इथेच. 2003 ला न्यूयॉर्कच्या यांकीज टीमविरुद्ध सिरीजच्या शेवटच्या मॅचमध्ये अकराव्या इनिंगला त्याच्या पहिल्याच बॉलवर होमरन (आपल्या सिक्सरसारखा) बसला, सीझन खलास. पुढच्या वर्षी परत यांकीज, तिसऱ्या मॅचमध्ये 19-8 असा मार पडत होता, तेव्हा हा स्वतःहून म्हणाला मी टाकतो, बाकीच्यांचे हात वाचू देत, आणि त्यापायी दुसऱ्या दिवशीच्या मॅचमधली स्वतःची ठरलेली बोलिंग सोडली. त्याच वर्षी बॉस्टन 86 वर्षांनी चॅम्पियन झालं. मला तर त्याच्या 200 विजयांपेक्षा हे मोठं वाटतं. 2023 च्या 1 ऑक्टोबरला ब्रेन कॅन्सरने गेला, 57 चाच होता.

एक बॉल विकत घेतलाय. चाळीसेक वेळा टाकून बघितला, एकदाच न फिरता गेला तो शेजारच्यांच्या कुंडीत. दिवाळीला येताना आणतोच. तोवर उजव्या हाताची नखं जरा राखून ठेवा, आई ओरडली तर माझं नाव सांगा.

तुमचा,
बंड्या