कोजागरीचा मान आणि भाड्याचे घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी कोजागरी पौर्णिमेला ठिकठिकाणचे तृतीयपंथी भाविक सप्तशृंगगडावर येतात, छबिना निघतो आणि दुतर्फा उभे असलेले आपण नाशिककर त्यांच्यापुढे हात जोडतो. माझे आजोळ कळवण तालुक्यातले. लहानपणी अशाच एका रात्री आईने मला एका वयस्कर तृतीयपंथीयांच्या पायावर घातले होते. त्यांनी अंगठ्याने लावलेले कुंकू माझ्या भुवईपर्यंत पसरले होते आणि आईने ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसू दिले नव्हते.

हे आठवण्याचे कारण आमच्या गृहनिर्माण संस्थेची गेल्या वर्षीची एक सभा. तळमजल्यावरील एक सदनिका भाड्याने द्यायची होती आणि घेऊ इच्छिणाऱ्या ताई तृतीयपंथी होत्या. आरोग्यविषयक समुपदेशनाची त्यांची नोकरी होती, घरमालकांची हरकत नव्हती, अनामत रक्कमही ठरली होती. तरीही कमिटीने विषय सभेपुढे घेतला. ‘आमचा वैयक्तिक विरोध नाही, पण लहान मुले आहेत’, ‘आज एक येईल, उद्या दहा येतील’ अशी वाक्ये एकामागून एक आली. ती बोलणाऱ्यांपैकी दोघे दर नवरात्रात गडावर पायी जाणारे आहेत. ताई तेवढा वेळ जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. मांडीवरच्या फाइलमध्ये आधार कार्ड, पगाराच्या पावत्या आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेले ओळख प्रमाणपत्र त्यांनी वेगवेगळ्या पारदर्शक पाकिटांत नीट लावून आणले होते. ती फाइल कोणी उघडूनही पाहिली नाही आणि सभेने हात वर करून त्यांना घर नाकारले. मी त्या सभेत एक शब्द बोललो नाही, याची टोचणी मला आजही आहे.

अशा वेळी ‘समाजाची अजून तयारी नाही’ हे कारण हमखास पुढे केले जाते. ते खरे नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ या गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडून दिले. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुक येथे, तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिलांसाठी राखीव जागेवरचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर ती निवडणूक त्यांनी जिंकली. अडवले ते कागद तपासणाऱ्यांनी. गावकऱ्यांनी मते दिली. ज्या खेड्यांना आपण शहरी माणसे जुन्या वळणाची म्हणतो, त्यांनी गावाचा कारभार विश्वासाने हाती दिला आणि लिफ्ट असलेल्या आमच्या इमारतीला एक भाडेकरू चालला नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरील) निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१९ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात घर भाड्याने घेण्याच्या किंवा त्यात राहण्याच्या बाबतीत भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. मात्र शिक्षा सांगणाऱ्या अठराव्या कलमात, राहत्या ठिकाणाहून हुसकावणे हा गुन्हा ठरवताना, घर मुळातच नाकारणाऱ्याबद्दल काही म्हटलेले नाही. सभेत हात वर करणाऱ्यांना भीती वाटत नाही, त्याचे एक कारण हेही आहे. दुसरे म्हणजे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. म्हणजे आमच्या सभेने जो अधिकार गाजवला, तो तिला नव्हताच.

भाडेकरार हा साधा कागद वाटतो, पण घर सोडावे लागलेल्या माणसासाठी पत्त्याचा पुरावा बहुधा त्यावरूनच तयार होतो. आईवडिलांच्या शिधापत्रिकेतून नाव गेलेले, शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे, अशा स्थितीत करारही नसेल, तर नवी शिधापत्रिका, बँकेचे खाते, मतदार यादीतील नोंद या सगळ्याच गोष्टी अडून बसतात. मग सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्यांना ‘काम का करत नाही’ असे आपणच विचारतो. काम करणाऱ्या, पगाराची पावती दाखवणाऱ्या ताईंना आम्ही काय उत्तर दिले, ते वर लिहिलेच आहे.

सिंहस्थासाठी शहरात रस्ते, घाट आणि निवाऱ्याची कामे होत आहेत. उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थापासून तृतीयपंथी साधूंच्या किन्नर आखाड्याचे नाव देशभर पोहोचले आहे. येथेही त्यांचे स्वागत होईल आणि ते व्हावेच. त्याच बरोबरीने सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी जिल्ह्यातील सर्व गृहनिर्माण संस्थांना लेखी कळवावे, की भाडेकरूच्या लिंगओळखीवरून हरकत घेता येणार नाही आणि तसा ठराव केल्यास तो संस्थेच्या अधिकाराबाहेरचा मानला जाईल. त्यासाठी निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

आमच्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत गेल्या वर्षीचा तो निर्णय मागे घेण्याचा विषय घ्यावा, असे पत्र मी सचिवांना दिले असून त्याची पोच घेतली आहे.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक